शनिवारी दिसलेला आकडा शनिवारचा नव्हता

प्रश्न : मी कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो आणि ते सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये (म्हणजे त्यांच्या मुंबईतल्या डेटा सेंटरांवर) चालतं. क्लाउडचं खातं सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. महिन्याला साधारण ६०० डॉलर खर्च येतो, म्हणून मी ७०० डॉलरचं बजेट लावलं आणि त्याच्या ८० टक्क्यांवर ईमेल येईल अशी सोय केली. गेल्या महिन्याच्या मध्यावर एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला सहकाऱ्याने लोड टेस्टसाठी (सॉफ्टवेअर किती ताण झेलतं ते बघायला) मोठी मशीन्स सुरू केली आणि बंद करायची राहून गेली. त्यांचा खर्च तासाला १४ डॉलर. तोवर महिन्याचे २६० डॉलर झाले होते. शनिवारी दुपारी बाराला सरांनी सहज विचारलं, तेव्हा मी कॉस्ट एक्सप्लोरर, म्हणजे ॲमेझॉनचं खर्चाचा चार्ट दाखवणारं पान, उघडून पाहिलं. काहीच वेगळं दिसलं नाही, म्हणून 'सगळं ठीक आहे' असं कळवलं. अलर्ट रविवारी दुपारी बाराच्या सुमारास ऑफिसच्या मेलवर आला. तो मी सोमवारी सकाळी दहाला पाहिला. तोपर्यंत जवळजवळ ९०० डॉलर गेले होते. सर म्हणतात, "अलर्ट लावला होतास ना? आणि शनिवारी ठीक आहे म्हणालीस ते कशाच्या जोरावर?" त्यात भर म्हणजे १ तारखेला सकाळी मी सीएंना दिलेला महिन्याचा आकडा ४ तारखेला वाढला. आता सरांना वाटतं, एकतर मी नीट लक्ष देत नाही, नाहीतर हा क्लाउडच बदलायला हवा. खर्च त्याच क्षणी दिसेल अशी काही सोय असते का? आणि सरांना काय सांगू?
— एक वाचक, कोल्हापूर

नमस्कार,

शनिवारी तुम्ही सरांना खोटं सांगितलं नाहीत. तुमच्यासमोर जो आकडा होता तोच तुम्ही वाचलात. तो आदल्या दिवशीचा, तोही अर्धवट दिवसाचा होता, आणि हे स्क्रीनवर ठळकपणे लिहिलेलं नसतं. हे सगळ्यांत आधी लिहितेय, कारण पत्रभर तुमचा जीव त्या 'ठीक आहे'मध्ये अडकलेला दिसला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. खर्च त्याच क्षणी डॉलरमध्ये दिसेल अशी सोय ॲमेझॉनकडे नाही, गूगलकडे नाही आणि मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरवरही नाही. वापर मात्र मिनिटामिनिटाला दिसतो. किती मशीन्स चालू आहेत, किती डेटा बाहेर चाललाय, एखादं फंक्शन किती वेळा चाललं, हे जवळजवळ लगेच कळतं. पैसे एका जागी दिसतात आणि वापर दुसऱ्या जागी. बहुतेक छोट्या कंपन्यांत फक्त पैशांची जागा उघडली जाते, कारण वरून प्रश्न येतो तो पैशांचाच. तुमच्याकडेही तेच झालं.

आता तो शनिवार नीट उलगडून बघू. ॲमेझॉनचा बिलिंगचा दिवस यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेनुसार चालतो. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा त्यांची तारीख बदलते. तुमची मशीन्स शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुरू झाली, तेव्हा यूटीसीमध्ये दुपारचे साडेबारा होते. तो त्यांचा शुक्रवार संपेपर्यंत, म्हणजे आपल्या शनिवारी पहाटे साडेपाचपर्यंत, मशीन्स साडेअकरा तास चालली. १६१ डॉलर. तुमचा रोजचा खर्च २० डॉलरच्या आसपास, त्यामुळे चार्टमधला शुक्रवारचा खांब आठ-नऊ पट उंच दिसायला हवा होता. तुम्ही दुपारी बाराला पाहिलंत तेव्हा तो नेहमीसारखाच होता, कारण शुक्रवारचा पूर्ण हिशोब तिथे अजून पोचलाच नव्हता. कॉस्ट एक्सप्लोररमधला आकडा २४ तासांतून किमान एकदा ताजा होतो, एवढंच ॲमेझॉन आपल्या माहितीत सांगतं. काही सेवांची आकडेवारी त्याहूनही उशिरा येऊ शकते, हेही तिथेच लिहिलंय. हाच चार्ट तुम्ही सोमवारी परत उघडला असेल, तर शुक्रवारचा तोच खांब वाढलेला दिसला असेल. पाहिलं नसेल तर आज बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट सरांना दाखवायला ठेवा. मागच्या तारखेचा खर्च नंतर वाढतो, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढचं समजावणं सोपं जातं.

हा उशीर का होतो, हे तुम्हाला तुमच्याच धंद्यातून सांगता येईल. संकलन केंद्रावर सकाळी शेतकरी दूध घालतो, तेव्हा लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) त्याच मिनिटाला पावतीवर येतं. पैशांचा हिशोब मात्र दहा दिवसांच्या बिलात होतो. त्यात पशुखाद्याची कपात असते, ॲडव्हान्सची असते, आणि दिवाळीला संघाचा फरक येतो तो वेगळाच. आज घातलेल्या दुधाचे शेवटी नेमके किती पैसे मिळाले, हे आज सांगता येत नाही. लिटर मात्र आजच सांगता येतात. सरांचं आयुष्य या धंद्यात गेलंय, त्यांना हे एका वाक्यात पटेल.

क्लाउडमध्ये 'कपात आणि फरक' कुठून येतो, तेही थोडं सविस्तर सांगते, कारण उशीर निव्वळ ढिलाईमुळे होतो असं समजणं बरोबर नाही. तुम्ही वापरता ती प्रत्येक सेवा आपला वापर स्वतः मोजते: सर्व्हर वेगळा, डेटाबेस वेगळा, स्टोरेज वेगळं, डेटा ट्रान्सफर वेगळा. त्या नोंदी गोळा होऊन बिलिंगकडे जातात आणि तिथे त्यांना दर लागतो. हा दर दर वेळी सारखा नसतो. उदाहरण घ्या : इंटरनेटवर बाहेर जाणारा डेटा महिन्याला पहिले १०० जीबी फुकट असतो आणि तो सगळ्या रीजनचा मिळून मोजतात. मुंबईतून गेलेला एखादा जीबी फुकटातला की पैशांचा, हे ठरवायला बाकीच्या रीजनचा आकडाही हातात लागतो. सेव्हिंग्ज प्लॅन घेतलेला असेल तर आणखी गुंता. त्यात तासाला ठरावीक रकमेची हमी दिलेली असते आणि प्रत्येक तासाच्या वापरातला कुठला भाग सवलतीत बसवायचा हे त्या तासाचा सगळा वापर समोर आल्यावरच ठरतं. एकाच संस्थेखाली पाच खाती असतील, तर पाचही खात्यांचा वापर. त्यावर क्रेडिट, सपोर्टची फी, कर. म्हणजे एकाच मशीनच्या एकाच तासाची किंमत सकाळी वेगळी दिसून संध्याकाळी बदलू शकते, आणि दोन्ही वेळा हिशोब बरोबर असतो.

हे सगळं मान्य करूनही माझी एक तक्रार आहे. 'ही आकडेवारी अमुक वाजेपर्यंतची आहे' ही ओळ या स्क्रीनवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असायला हवी. हिशोबाला वेळ लागतो, ठीक. पण अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस एकाच रंगाच्या खांबात दाखवले, तर बघणाऱ्याने काय समजायचं?

आता अलर्ट. इथे मला तुमच्या पत्रातल्या वेळा फार उपयोगी पडल्या. ७०० डॉलरचे ८० टक्के म्हणजे ५६०. आधीचे २६० धरले तर अलर्टची पायरी गाठायला आणखी ३०० डॉलर हवेत. मशीन्सचे १४ आणि नेहमीचा वापर मिळून तासाला साधारण १५. म्हणजे पायरी ओलांडली शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास. त्याआधीच्या २० तासांत अलर्ट यायचं कारणच नव्हतं, कारण तुमच्या बजेटच्या हिशोबाने तोवर काही बिघडलेलंच नव्हतं. शनिवारी दुपारी दोन ते रविवारी दुपारी बारा, हे २२ तास आकडेवारीच्या उशिराचे. ॲमेझॉनची बजेट सेवा दिवसातून जास्तीत जास्त तीनदा ताजी होते, दोन वेळांमध्ये साधारण ८ ते १२ तासांचं अंतर असतं, आणि ती मुळात उशिरा आलेल्याच आकड्यांवर चालते. तेव्हा २२ तास हे नेहमीच्या मर्यादेतलं आहे, त्यात बिघाड काही झाला नाही. आणि रविवारी दुपारी बारा ते सोमवारी सकाळी दहा, हे २२ तास मेल न उघडल्याचे.

सगळे मिळून ६४ तास, मशीन्सचे ८९६ डॉलर. त्यातला साधारण एक तृतीयांश भाग बजेटच्या पायरीमुळे गेला, एक तृतीयांश क्लाउडच्या उशिरामुळे आणि एक तृतीयांश मेलबॉक्समुळे. मधला भाग तुमच्या हातात नाही. बाकी दोन आहेत. सरांसमोर ही विभागणी जशीच्या तशी ठेवा. "क्लाउडकडून उशीर झाला" एवढंच सांगितलंत तर ते अर्धं सत्य ठरेल आणि पुढच्या महिन्यात तुमच्यावरच उलटेल. रविवारी ऑफिसचा मेल बघायची जबाबदारी कुणाची, हे तुमच्याकडे कधी ठरलंच नव्हतं. न ठरलेल्या कामाचा ठपका एकट्या तुमच्यावर ठेवणं मला न्याय्य वाटत नाही, पण ते आता ठरवायला हवं.

यापुढे बजेट लावताना एक आकडा आधी काढून ठेवा : अलार्म कानावर पडण्याआधी जास्तीत जास्त किती पैसे जाऊ शकतात. आकडेवारीला २४ तास आणि बजेटच्या फेरीला १२ तास धरा, म्हणजे ३६. तासाला १४ डॉलरची मशीन्स असतील तर ५०४ डॉलर. बजेटची पायरी कितीही खाली आणा, एवढा धोका तुम्ही पत्करलेलाच असतो. ५०४ डॉलर कंपनीला झेपत असतील तर बजेटचा अलर्ट पुरेसा आहे. झेपत नसतील तर तो अलर्ट त्या कामाचा नाही, त्याच्या आधी थांबवणारं काहीतरी हवं. लोड टेस्ट, नवं मशीन लर्निंगचं काम, डेटाचं मोठं स्थलांतर, असं काहीही सुरू करण्याआधी हा गुणाकार करायचा आणि सुरू करणाऱ्याने तो ग्रुपवर लिहायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

थांबवायचं कसं? सगळ्यांत साधा आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे टेस्टची मशीन्स जन्मतःच मुदत घेऊन यावीत. मशीन सुरू होताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट देता येते. तिच्यात शटडाउनची कमांड २४० मिनिटांच्या मुदतीने टाका, आणि मशीन सुरू करतानाच्या सेटिंगमध्ये 'मशीनने स्वतःला बंद केलं तर टर्मिनेट करा', म्हणजे कायमचं काढून टाका, हा पर्याय निवडा. तो निवडला नाही तर नेहमीच्या सेटिंगप्रमाणे मशीन नुसतं थांबतं आणि त्याच्या डिस्कचे पैसे लागत राहतात. चार तासांत टेस्ट संपली नाही तर मुदत वाढवायला माणूस जागा असतोच. विसरला तर मशीन्स रात्री दहाला आपोआप जातात आणि खर्च ५६ डॉलरवर थांबतो. यात बिल नाही, बजेट नाही, ईमेल नाही, त्यामुळे कुणाच्या उशिराचा प्रश्नच येत नाही.

त्याच्या जोडीला मशीन्सच्या संख्येवर अलार्म लावा. पैशांवर लावू नका, संख्येवर लावा. तुमच्या खात्याला एकाच वेळी किती व्हीसीपीयू (मशीनची ताकद मोजायचं एकक) चालवता येतील याचा एक कोटा असतो, आणि सर्व्हिस कोटाजच्या पानावरूनच 'कोट्याच्या इतक्या टक्क्यांवर गेलं की कळवा' असा क्लाउडवॉचचा (ॲमेझॉनच्या देखरेख करणाऱ्या सेवेचा) अलार्म तयार करता येतो. तुमचं रोजचं काम कोट्याच्या १५ टक्क्यांत भागत असेल तर ३० टक्क्यांवर अलार्म ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी मशीन्स सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो वाजला असता, सहकारी जागेवर असतानाच. टेस्ट चालू आहे म्हणून त्याने तेव्हा दुर्लक्ष केलं असतं, हे खरं. पण अलार्म लाल असेपर्यंत क्लाउडवॉचच्या पानावर लालच दिसतो, आणि शनिवारी दुपारी सरांचा फोन आल्यावर तुम्ही ते पान उघडलं असतंत तर 'ठीक आहे' लिहिलं नसतंत. आणि हो, कोटा वाढवून घेण्याची सूचना कुणी 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून केली तर नाही म्हणा. तो कोटा म्हणजे कसल्याही उशिराशिवाय काम करणारी एकमेव खरी मर्यादा आहे.

बजेट काढून टाकू नका, पण त्याची रचना बदला. महिन्याच्या बजेटसोबत ३५ डॉलरचं रोजचं बजेट लावा. नुसतं कळवणाऱ्या बजेटला पैसे पडत नाहीत. रोजच्या बजेटमध्ये शुक्रवारची पायरी मशीन्स सुरू झाल्यावर दीड-दोन तासांतच ओलांडली गेली असती. कळायला उशीर झालाच असता, पण त्या पहिल्या २० तासांतले साधारण १८ तास वाचले असते. अंदाजावर आधारित अलर्टही असतो, म्हणजे महिनाअखेर किती होईल यावरून कळवणारा. त्याला अंदाज बांधायला साधारण पाच आठवड्यांचा इतिहास लागतो आणि तो उशिरा आलेल्या आकड्यांवरच अंदाज बांधतो, तेव्हा हळूहळू वाढणाऱ्या खर्चासाठी तो चांगला, शुक्रवारच्या मशीन्ससाठी नाही. खर्चातली विसंगती स्वतःहून शोधणारी सेवाही ॲमेझॉनकडे फुकट आहे. ती दिवसातून साधारण तीनदा तपासणी करते, तीही कॉस्ट एक्सप्लोररचेच आकडे घेऊन. लावून ठेवा. कुठल्या सेवेमुळे खर्च वाढला हे ती नेमकं सांगते, आणि नंतर शोधाशोध करायचा बराच त्रास वाचतो.

आणि बजेटचा अलर्ट ईमेलवर सोडू नका. एकाच अलर्टला दहा ईमेल पत्ते आणि एक एसएनएस टॉपिक (ॲमेझॉनच्या सूचना पाठवणाऱ्या सेवेतला एक मार्ग) जोडता येतो. त्या टॉपिकवरून तो तुमच्या कामाच्या चॅटवर किंवा फोनवर येऊ दे. सुटीच्या दिवशी फोन कुणाकडे, ते आळीपाळीने ठरवा, आणि त्या आळीत सरांचंही नाव असू दे. दूध रविवारीही संकलित होतं. तुमचं सॉफ्टवेअर रविवारी पहाटे बंद पडलं तर कुणीतरी फोन उचलतच असेल. त्याच माणसाकडे हाही फोन जायला काहीच अडचण नसावी.

१ आणि ४ तारखेचं कोडं त्यामानाने सोपं आहे. ॲमेझॉनचा महिना आपल्याकडे १ तारखेला पहाटे साडेपाचला संपतो. तुम्ही सकाळी ऑफिसला येऊन आकडा काढलात तेव्हा महिना संपून जेमतेम चार-पाच तास झाले होते. शेवटच्या दिवसाचा बराचसा वापर यायचा होता, सपोर्टची फी आणि कर बसायचे होते. महिन्याचं बिल पक्कं व्हायला नव्या महिन्याचे पहिले काही दिवस जातात, आणि तोवर बिलाच्या पानावर जे दिसतं ते अंदाजी असतं. पक्कं झालंय की नाही हे ओळखायची एक चांगली खूण आहे. तुम्ही खर्चाचा तपशीलवार अहवाल एस३मध्ये (ॲमेझॉनच्या फाइल साठवणाऱ्या सेवेत) घेत असाल, तर त्यातला इनव्हॉइस क्रमांकाचा रकाना बिल पक्कं होईपर्यंत रिकामा असतो. क्रमांक आला की बिल पक्कं झालं. त्यानंतरही परताव्याची किंवा क्रेडिटची एखादी ओळ वाढू शकते, पण ते क्वचित.

सीएंना १ तारखेलाच आकडा लागतो कारण त्यांना महिन्याची पुस्तकं मिटवायची असतात. त्यांना 'अंदाजी' असा शब्द लिहूनच आकडा द्या. ते टॅलीत तरतूद म्हणून नोंदवतील आणि इनव्हॉइस आल्यावर फरक दुरुस्त करतील. सीएंसाठी हे रोजचं काम आहे, त्यांना त्याचं काही वाटत नाही. जीएसटीचं क्रेडिट तसंही टॅक्स इनव्हॉइस हातात आल्याशिवाय घेता येत नाही. तुमच्याकडून चूक झाली असेल तर एवढीच की अंदाजी आकडा पक्का म्हणून गेला, आणि ती एका फोनने निस्तरण्यासारखी आहे.

क्लाउड बदलण्याबद्दल. सरांना कुणीतरी 'तिकडे लगेच कळतं' असं सांगितलेलं दिसतंय. अझ्युरवर खर्चाची आकडेवारी साधारण ८ ते २४ तासांत दिसते, बजेट २४ तासांतून एकदा तपासलं जातं, आणि वापराप्रमाणे पैसे भरणाऱ्या खात्यांचा आकडा बिलिंगचा काळ संपल्यानंतर ७२ तासांनी पक्का होतो. अझ्युरचं एक रीजन पुण्यात आहे, पण डेटा सेंटर कोल्हापूरला जवळ आलं म्हणून बिल लवकर येत नाही. गूगलवर आकडेवारी बहुधा एका दिवसात येते, कधी त्याहून उशिरा. बजेटच्या सूचना दिवसातून अनेकदा पाठवायची सोय तिथे आहे, पण त्या सूचनांमधला आकडा तेवढाच ताजा असतो जेवढी खालची आकडेवारी. शिवाय गूगलच्या खर्चाच्या अहवालातला दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने चालतो. आपल्याकडे दुपारचे साडेबारा, आणि तिकडे हिवाळा असेल तेव्हा दीड वाजतो, तेव्हा तिथे तारीख बदलते. ॲमेझॉनची पहाटे साडेपाचची वेळ त्यापेक्षा आपल्याला बरी पडते. तिन्हीकडे बजेट म्हणजे सूचना असते. नुसतं बजेट लावल्याने मशीन्स आपोआप बंद होत नाहीत. किंमत, सेवा, तुमच्या टीमची सवय, अशा कारणांनी क्लाउड बदलायचा असेल तर जरूर बदला. या कारणाने बदललात तर काही महिन्यांची मेहनत जाईल आणि उशीर तिथेही भेटेल.

सरांशी बोलताना बचावाच्या सुरात सुरुवात करू नका. वरचे ६४ तास तीन भागांत कागदावर मांडा, कुठल्या भागासाठी काय करणार ते समोर लिहा, आणि त्यांच्याकडून दोन गोष्टींची परवानगी मागा : टेस्टच्या मशीन्सना सक्तीची मुदत, आणि सुटीच्या दिवसाची फोनची आळी. यापुढे ते 'किती झाले?' म्हणून विचारतील तेव्हा आकड्यासोबत 'कधीपर्यंतचे' हेही सांगायचं. "गुरुवारपर्यंत २४० डॉलर, शुक्रवारचा हिशोब उद्या दुपारी येईल, आत्ता मशीन्स सहा चालू आहेत, नेहमीइतकीच." यातला शेवटचा भाग शनिवारी तुमच्या उत्तरात असता तर हे सगळं तिथेच संपलं असतं. आठवड्याच्या अहवालातून शेवटचे दोन दिवस सरळ वगळून टाका. रिकामी जागा दिसलेली परवडते, अर्धवट खांबावरून सर अनुमान काढतात ते परवडत नाही.

सहकाऱ्याबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे, आणि त्याच्यावर खापर फोडायचा मोह टाळलात हे मला आवडलं. तो मोह पुढेही टाळा. शुक्रवारी संध्याकाळी मशीन बंद करायला विसरणारा माणूस प्रत्येक कंपनीत असतो आणि उद्या ते तुम्हीही असू शकता. मुदतीची स्क्रिप्ट त्यालाच लिहू द्या.

एक काम मात्र आजच करा. ॲमेझॉनच्या सपोर्टकडे बिलिंगच्या सदराखाली केस उघडा. बिलिंगच्या केसला पैसे पडत नाहीत, तुमचा सपोर्टचा प्लॅन फुकटातला असला तरी. मशीन्स कधी सुरू झाली, कधी बंद केली, काय राहून गेलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय लावलं आहे, हे चार ओळींत लिहा आणि एकवेळची सवलत मिळेल का ते विचारा. मिळेलच असं नाही, तेव्हा सरांना आधीच आशा लावू नका. पण मुदतीची स्क्रिप्ट आणि कोट्याचा अलार्म लावून झाल्यावर केस उघडलीत तर तुमच्या पत्राला वजन येतं, म्हणून आधी ती दोन कामं, मग केस.

आणि टेस्टच्या मशीन्सना टॅग, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, लावायला आजच सुरुवात करा. टॅगनुसार खर्च बघायचा तर तो टॅग बिलिंगमध्ये वेगळा चालू करावा लागतो. लावलेला टॅग तिथल्या यादीत यायला २४ तास लागू शकतात, चालू केल्यावर अंमलात यायला आणखी २४. पुढच्या शुक्रवारच्या टेस्टचा खर्च वेगळा दिसायला हवा असेल, तर मंगळवारपर्यंत हे उरकलेलं बरं.